तात्पुरते बापू

बापू सकाळी साडेनऊला येतात आणि खुर्ची ओढायच्याही आधी, सॅक पाठीवर तशीच ठेवून, मोठ्याने म्हणतात, "पिंग."

समोरच्या रांगेतून कुणीतरी "पाँग" म्हणायचं असतं. कुणी म्हटलं नाही तर बापू बसत नाहीत. चष्मा कपाळावर चढवून एकेकाकडे बघतात आणि पुन्हा "पिंग" म्हणतात. नव्या मुलांना पहिले दोन दिवस वाटतं, काकांना टेबल टेनिसचा नाद असणार. मग कुणीतरी कानात सांगतं, की बापूंचं कुलदैवत ज्योतिबा असलं तरी इष्टदैवत रेडिस नावाचा डेटाबेस आहे, आणि रेडिसला 'जागा आहेस का' असं विचारायची रीत हीच. आपण पिंग टाइप करायचं, त्याने पाँग म्हणायचं. माणसांनीही एवढ्यावर भागवावं, असं बापूंचं मत. "कसं काय, बरं आहे ना, घरची मंडळी कशी आहेत, एवढं विचारून शेवटी कळतं काय? समोरचा जिवंत आहे. मग ते एका शब्दात विचारा की."

हिंजवडीतल्या ज्या कंपनीत मी नोकरी करतो, तिथे आमच्या सगळ्यांच्या गळ्यात निळी पट्टी असते. बापूंची लाल. लाल म्हणजे कंत्राटी. वेबसाइट फार हळू चालते म्हणून २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. मी २०१६ च्या जूनमध्ये लागलो, तेव्हा त्यांनी स्वतःची ओळख करून दिली ती अशी: "माझं काही मनावर घेऊ नकोस लेका, मी तात्पुरता आहे." तोवर कॅन्टीनमधल्या फडताळात त्यांच्या डब्याची जागा ठरली होती, खिडकीतल्या मनी प्लांटला पाणी तेच घालत होते आणि एसीचा रिमोट त्यांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात होता. टेबलावर नावाची पाटी मात्र नव्हती. तीन महिन्यांसाठी कशाला खर्च?

असा माणूस तुमच्याही कंपनीत असेल. त्याचं लक्षण एकच. कुठलीही अडचण घेऊन जा, तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणतो, "रेडिसमध्ये टाक." पान हळू उघडतंय? रेडिसमध्ये टाक. ओटीपी पाच मिनिटांनी बाद व्हायला हवा? रेडिसमध्ये टाक. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका कुणाकुणाला गेल्या ते आठवत नाही? "एसॲड कर. तेच नाव दहादा घातलंस तरी एकदाच राहतं. एकाच घरी दोन पत्रिका जायची भानगड नाही."

रेडिस मला त्यांनी शिकवलं ते गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर. कॉलेजातून नुकत्याच सुटलेल्या मुलाच्या डोक्यात टेबलं आणि त्यांच्या जोडण्या गच्च भरलेल्या असतात. बापूंनी ते सगळं एका कटिंगमध्ये विरघळवलं.

"मामांकडे बघ," ते म्हणाले. टपरीवाले मामा एका हाताने गाळत होते, दुसऱ्या हाताने सुट्टे परत करत होते. "सत्तर जणांची उधारी डोक्यात. नाव ही किल्ली, कप ही किंमत. झालं रेडिस. सेट म्हणजे काय? मामा, याच्या नावावर दोन कप मांडा. मामा काय म्हणतात? 'ओके.' पुढे एक अक्षर नाही. गेट म्हणजे? मामा, याचे किती झाले? दोन. आता मला सांग, ज्याने इथे कधी चहाच घेतला नाही त्याचे किती झाले असं विचारलं, तर मामा काय म्हणतील?"

"शून्य," मी म्हणालो.

"विचार."

मी आमच्या मॅनेजरांचं नाव घेऊन विचारलं. ते फक्त ग्रीन टी घेतात, तोही वर. मामा काहीच म्हणाले नाहीत. गाळणं थांबवून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"हे निल," बापू म्हणाले. "शून्य म्हणजे खातं आहे, बाकी नाही. निल म्हणजे हा कोण बाबा? अर्ध्या कंपनीला हा फरक कळत नाही, म्हणून रात्री फोन येतात."

मी शहाणपणा केला. मामा वहीत का लिहून ठेवत नाहीत? "प्रत्येक कपाला वही उघडली तर चहा उतू जाईल. वही म्हणजे डिस्क, डोकं म्हणजे मेमरी." आणि मामा विसरले तर? त्यावर बापूंनी मला दुसरा चहा पाजला, कारण प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. मामा अधूनमधून, हात रिकामा झाला की, सगळा हिशोब वहीत एकदम उतरवून काढतात. ते आरडीबी. दोन उतरवण्यांच्या मध्ये मामांना चक्कर आली, तर मधली उधारी गेली. म्हणून गल्ल्यावर मामी बसतात. मामी हिशोब करत नाहीत, नुसतं कानावर पडेल ते ओळीने लिहितात: याला दोन मांडले, त्याचा एक वाढवला, तिसऱ्याचं नाव खोडलं. ते एओएफ. दर सेकंदाला वहीवर उतरतं, म्हणजे बुडालं तर सेकंदभराचं बुडेल. "मामी विचार करत नाहीत, हे लक्षात ठेव," बापू म्हणाले. "उद्या कुणी ओरडलं, सगळ्यांची उधारी माफ, तर मामी तेही लिहितील." हे वाक्य पुढे मला फार महागात पडायचं होतं, किंवा स्वस्तात म्हणा.

मामा एका वेळी एकच काम करतात. हात इतका चालतो, की चाळीस माणसं उभी असूनही कुणाला रांगेत असल्यासारखं वाटत नाही. पण एखादा उपटसुंभ येऊन म्हणाला, "मामा, सगळ्या उधारवाल्यांची नावं सांगा बरं," तर नावं संपेपर्यंत चहा बंद. रेडिसमध्ये याला 'कीज स्टार' म्हणतात. आमच्याकडे एका नव्या मुलाने भर दुपारी ते खऱ्या सर्व्हरवर चालवलं. बापूंनी त्याला काही बोल लावला नाही. त्याला घेऊन टपरीवर गेले आणि ऐन गर्दीत मामांना सगळी नावं विचारायला लावली. मागच्या लोकांनी जे सुनावलं ते त्याच्या जन्मभर लक्षात राहील. आता तो 'स्कॅन' वापरतो: शून्यापासून सुरुवात, चहा गाळता गाळता थोडी थोडी नावं, आणि प्रत्येक वेळी 'पुढच्या वेळी इथून विचार' असा एक आकडा. आकडा पुन्हा शून्य आला की यादी संपली.

एकाच कामावर दोन प्रोग्रॅम तुटून पडू नयेत म्हणून जी युक्ती वापरतात, ती शिकवायला बापूंना टपरीही लागली नाही. "एसटी फलाटाला लागते, तेव्हा खिडकीतून रुमाल टाकतोस ना? सेट, पुढे एनएक्स. सीट रिकामी असेल तरच रुमाल बसतो. आधी कुणाचा पडला असेल तर तुला निल. आणि पुढे तीस सेकंदांची मुदत, ईएक्स तीस, ती का? तर रुमाल टाकणारा माणूस मुतारीत गेला आणि गाडी सुटली, तर मिरजेपर्यंत सीटवर नुसता रुमालच जायचा." मी त्यानंतर या विषयावर दोन पुस्तकं वाचली. रुमालाच्या पलीकडे त्यात फारसं नव्हतं.

टीटीएल हा बापूंचा खास प्रांत. एखाद्या किल्लीचं आयुष्य किती उरलंय ते टीटीएल विचारल्यावर सेकंदांत कळतं. वजा एक आलं तर किल्ली आहे पण तिला मुदतच नाही, वजा दोन आलं तर किल्लीच नाही. नवी मुलं यात हमखास गोंधळतात. बापू सांगतात, "वजा एक म्हणजे सरकारी नोकर. वजा दोन म्हणजे कैलासवासी."

"आणि तुम्ही, बापू?"

"मी? माझे सेकंद चालू आहेत. नव्वद दिवसांचे सत्त्याहत्तर लाख शहात्तर हजार."

हा हिशोब त्यांना तोंडपाठ आहे, कारण तो त्यांना दर तीन महिन्यांनी करावा लागतो. मी 'इन्कर' ही कमांड शिकलो ती यातूनच. इन्कर म्हटलं की किल्लीतला आकडा एकाने वाढतो, किल्ली नसेल तर शून्य धरून सुरुवात. बापू म्हणाले, कशावर तरी हात बसव. मी 'बापू:मुदतवाढ' अशी किल्ली केली, मी लागण्याआधीच्या तीन मुदतवाढी धरून तिच्यात तीन घातले आणि पुढची प्रत्येक मुदतवाढ इन्करने मोजायला लागलो. त्यांनीही माझ्यावर एक काढली. आमच्यातल्या चहाच्या उधारीचा त्यांनी सॉर्टेड सेट केला. प्रत्येक कपाला नावापुढचा आकडा एकाने वाढतो आणि यादी आपली आपण उतरंडीने लागते. तिच्यात पहिल्या नंबरवर कोण आहे ते सांगायची इथे गरज नाही.

आपल्या किल्ल्यांची नावं बापू मराठीत ठेवतात. यामागे भाषाप्रेम किती आणि डावपेच किती, सांगणं कठीण. त्यांचं म्हणणं, जी किल्ली दुसऱ्याला टाइप करता येत नाही ती दुसऱ्याकडून चुकून डिलीट होत नाही. रेडिसची ना नाही, तो नुसते बाइट बघतो. एकदा त्यांनी स्वतःचं नाव एका किल्लीत ठेवून स्ट्रलेन विचारलं, म्हणजे लांबी किती. उत्तर आलं बारा. ब, काना, प, उकार, प्रत्येकी तीन बाइट. "बघ," ते म्हणाले, "दोन अक्षरांचा माणूस, आणि संगणकाने त्याचे बारा वाजवले."

सिसिली म्हटलं की बाकीच्यांना माफिया आठवतो. बापूंना साल्वातोरे सान्फिलिप्पो आठवतात. या सिसिलियन गृहस्थांनी २००९ मध्ये स्वतःच्या एका वेबसाइटचा डेटाबेस हळू चालतो म्हणून वैतागून रेडिस लिहिलं. 'रिमोट डिक्शनरी सर्व्हर' याचं ते लघुरूप. त्याचा पोर्ट नंबर ६३७९, जुन्या मोबाइलच्या बटणांवर दाबला तर मर्झ, इटलीतल्या टीव्हीवरच्या एका बाईंचं आडनाव. बापूंच्या स्कूटरचा नंबर हाच आहे. आरटीओत त्यासाठी त्यांनी वेगळे पैसे भरले, आणि घरी मात्र 'लॉटरीत लागला' असं सांगितलं. २०२० मध्ये सान्फिलिप्पो रेडिसच्या कारभारातून बाजूला झाले, तेव्हा बापू दोन दिवस गप्प होते. २०२४ च्या अखेरीला ते परत आले, तेव्हा बापूंनी कंदी पेढे वाटले. त्याच वर्षी मार्चमध्ये लायसन्सवरून भांडण होऊन वाल्की नावाची वेगळी चूल मांडली गेली होती. आम्ही घाबरत त्यांना विचारलं, आता काय. "भाऊबंदकी आहे," ते म्हणाले. "सातबारा कुणाच्याही नावावर चढू दे. सेट-गेट तेच."

घरी मात्र बापूंचं राज्य नाही. जागा भरली की सगळ्यात जास्त दिवस न वापरलेली वस्तू आधी काढायची, असं एक धोरण रेडिसला लावून देता येतं. बापूंनी ते घरातल्या कपाटाला लावलं. वहिनींचा लग्नातला शालू वीस वर्षं कुणी नेसलं नव्हतं. बोहारणीने त्याच्या बदल्यात एक स्टीलचं पातेलं दिलं. त्या दिवसापासून वहिनींनी घराला रेडिसचंच मूळचं धोरण लावलंय, नोइव्हिक्शन: आतलं काही बाहेर जाणार नाही, आणि जागा भरल्यावर नवीन काही आत येणार नाही. मी गेलो होतो तेव्हा बापूंनी हौसेने आणलेला इस्त्रीचा स्टँड जिन्यात उभा होता. वहिनी शाळेत शिक्षिका आहेत. मला म्हणाल्या, "यांना निरोप सांगायचा तर दोन तासांच्या बोलीनेच सांगावा लागतो हो. त्यापुढे काही विचारलं की म्हणतात, एक्स्पायर झालं." पातेल्यात त्या दिवशी खीर होती.

२०१८ मधला तो शुक्रवार. दुपारचे चार वाजले होते. माझ्या पडद्यावर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या, एक चाचणीच्या सर्व्हरची, दुसरी खऱ्या सर्व्हरची. मला चाचणीचा डेटा पुसायचा होता. मी फ्लशऑल टाइप केलं आणि एंटर मारलं. रेडिस 'नक्की का' असं विचारत नाही. तो म्हणाला, ओके. तेच ओके, जे तो एका कपाला म्हणतो. अर्ध्या मिनिटात खालच्या मजल्यावर फोन वाजायला लागले, कारण सगळे ग्राहक एकदम लॉगआउट झाले होते आणि प्रत्येकाची बास्केट रिकामी होती. मी खिडकीच्या वरचं नाव वाचलं आणि माझे पाय गार पडले.

बापू भडंग खात होते. कागदाचा पुडा नीट दुमडून बाजूला ठेवला, रुमालाला हात पुसले आणि माझ्या खुर्चीत बसले. "एओएफ चालू आहे ना? मग कशाला हात लावू नकोस." त्यांनी टाइप केलं: शटडाउन, पुढे नोसेव्ह. म्हणजे जाता जाता आत्ताची रिकामी पाटी वहीत उतरवू नकोस. मग ती एओएफची फाइल उघडून तळाशी गेले. तिथे खरोखरच मामींचं अक्षर होतं. ओळीखाली ओळ, दिवसभरात कुणी काय काय सांगितलं ते सगळं, आणि शेवटून थोडं वर तीन ओळी: एक चांदणी आणि एक. डॉलरचं चिन्ह आणि आठ. फ्लशऑल. म्हणजे हुकूम एका शब्दाचा, शब्द आठ इंग्रजी अक्षरांचा. बापूंनी त्या तीन ओळींवर कर्सर नेला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि ओळी खोडल्या. सर्व्हर पुन्हा चालू केला. मामींची वही पहिल्या पानापासून वाचत वाचत सगळं जागेवर आलं. "मधल्या वेळात ही फाइल आटोपशीर करून नव्याने लिहिली गेली असती, तर तुला ज्योतिबानेही वाचवलं नसतं," एवढं बोलून ते भडंगाकडे परतले. सोमवारी आलो तेव्हा कॉन्फिगमध्ये फ्लशऑलचं नाव रिकामं करून टाकलेलं होतं. आता ती कमांड आमच्याकडे कुणालाच चालत नाही. त्या प्रसंगाबद्दल बापूंनी पुढे कधी चकार शब्द काढला नाही. सॉर्टेड सेटमध्ये माझे पन्नास कप मात्र त्यांनी एकदम वाढवले.

परवा नव्या आलेल्या मुलीने विचारलं, ही कसली किल्ली? तिने स्कॅन लावला होता आणि पडद्यावर उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे आले होते. रॉ लिहिल्याशिवाय रेडिस मराठी अक्षरं अशीच दाखवतो. आम्ही रॉ लिहून बघितलं. 'तात्पुरतं:दिवाळी'. आत एक वाक्य: दिवाळीनिमित्त पार्सल पोचायला उशीर होऊ शकतो.

ही ओळ आमच्या वेबसाइटच्या तळाशी २०१६ च्या दिवाळीपासून आहे. होळीला असते, गणपतीत असते, मे महिन्यात असते. मध्यंतरी ती काढायची टूम निघाली होती, तेव्हा तक्रार विभागानेच हात जोडले, राहू द्या म्हणून. कुणी उशीर झाला म्हणून भांडायला लागलं की ते ही ओळ दाखवतात.

"बापू," मी म्हणालो, "तुम्ही हिला मुदत नव्हती घातली?"

"घातली होती. ईएक्स एक लाख बाहत्तर हजार आठशे. दोन दिवस."

"मग टीटीएल वजा एक कसं येतंय?"

बापूंनी चष्मा कपाळावर चढवला. "मी 'दिवाळि' लिहिलं होतं, ऱ्हस्व. दुसऱ्या दिवशी एका शुद्धलेखनवाल्याने ते दीर्घ केलं. नुसतं सेट मारून. सेटने किंमत बदलली की जुनी मुदत पुसली जाते, लेका. इन्करने जात नाही, सेटने जाते. आता कीपटीटीएल लिहिता येतं, २०२० मध्ये सहावी आवृत्ती आली तेव्हापासून. तेव्हा नव्हतं."

शुद्धलेखनाची मला लहानपणापासून खोड आहे. मी त्या मुलीकडे बघितलं नाही.

"डेल करू का?" तिने विचारलं.

"राहू दे. दोन दिवसांनी बघू," बापू म्हणाले आणि मनी प्लांटला पाणी घालायला उठले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या कंत्राटाचा कागद आला, आणखी तीन महिन्यांचा. मी इन्कर मारलं. ४१.